सांभार, पऱ्हे आणि पीडीएफ

चंद्रपूरच्या गोल बाजारात ‘दहाचा सांभार द्या’ म्हटले की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी पुढे करते. पुण्यात कुणी हेच म्हटले तर ऐकणाऱ्याला इडली आठवते. मुंगणा म्हणजे शेवगा, काटवल म्हणजे कर्टोली, धोपा म्हणजे अळू, तरोटा म्हणजे टाकळा आणि जांब म्हणजे पेरू, हे वैनगंगेच्या दोन्ही काठांवर कुणाला समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते मोबाइलला. ‘तरोट्याची भाजी’ शोधणाऱ्याला टाकळ्यावरचा चांगला लेख सापडत नाही, आणि टाकळा शोधणाऱ्या कोकणातल्या माणसाला गडचिरोलीतल्या बाईने तरोट्याबद्दल सांगितलेले काहीच दिसत नाही. रोपटे एकच, पहिल्या पावसानंतर खुडायची कोवळी पानेही तीच. दोन नावांनी दोन वाचक एकमेकांना पारखे होतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत परसबाग, रानभाज्या, धानाचे वाण आणि झाडांबद्दल लिहू पाहणाऱ्यांच्या डिजिटल प्रकाशनाचा विचार या सांभारापासूनच सुरू करावा लागतो. ई-पुस्तक कसे बनवावे, कुठे चढवावे, किंमत किती लावावी ही माहिती हवी तेवढी मिळते. इथल्या लेखकाकडे असे काय आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ते कोणत्या रूपात टिकेल, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

मराठीत बागकामाचे पुस्तक म्हटले की गुलाब, बोन्साय, फार तर गच्चीवरचे वांगे-टोमॅटो. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातल्या, घरामागची सांदवाडी त्यात बसत नाही. तिथे मांडवावर दोडका चढलेला असतो, कडेला मुंगणा, मधल्या जागेत पावसाळ्यातला मका, सांडपाण्याच्या वाटेवर धोपा. कोणते बी कुणाच्या माहेरून आले हे घरातल्या म्हातारीला पाठ असते. या बागेला आराखडा नाही, पण वर्षभराचा हिशेब पक्का असतो. तिच्यावर पुस्तक लिहिले तर ते बागकामाच्या फळीवर ठेवायचे, शेतीच्या, पाककृतींच्या की लोकसंस्कृतीच्या? दुकानदार गोंधळतो, आणि गोंधळलेला दुकानदार पुस्तक परत पाठवतो.

अशा फळी नसलेल्या पुस्तकाचे ठळक उदाहरण याच भागातले आहे. चंद्रपुरात वाढलेल्या डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून ‘सर्च’ या संस्थेच्या कामात गडचिरोलीच्या बायकांशी जो संवाद केला, त्यातून ‘गोईण’ हे पुस्तक आले. गोईण म्हणजे मैत्रीण. पुस्तकातली मैत्रीण म्हणजे झाड. कोणते झाड बाळंतिणीच्या कामाचे, कोणत्या झाडाशी कसले नाते, हे बायकांनी सांगितले आणि डॉक्टरने लिहून घेतले. ते वनस्पतिशास्त्र आहे, आरोग्य आहे, बायकांचा इतिहासही आहे. छापील पुस्तकाला दुकानात एकच जागा मिळते. तेच डिजिटल सूचीत पाच विषयांखाली लावता येते आणि पाचही वाटांनी वाचक तिथे पोहोचतो. डिजिटल माध्यमाच्या नावाने बरेच फुगे फुगवले जातात, पण हा फायदा खरा आहे.

मराठीत झाडांवर लिहिण्याची परंपरा काही लहान नाही. शंकर दाजीशास्त्री पदे १९०९ मध्ये वारले. त्यांचा ‘वनौषधि गुणादर्श’ आजही वैद्य उघडतात. डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या ‘फुलवा’ने शहरातल्या वाचकाला रस्त्याकडेच्या झाडाकडे बघायला लावले. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत शेजारच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात राहिले आणि रानातल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी मराठीत आणले. १८ जून २०२५ रोजी ते सोलापुरात गेले, तेव्हा त्यांच्या शब्दसंग्रहाची आठवण अनेकांना झाली. ते काम त्यांनी कागद, पेन आणि पायांच्या जोरावर केले होते. आजच्या लेखकाच्या खिशात कॅमेरा, ध्वनिमुद्रक आणि नकाशा एकाच यंत्रात आहेत. तरीही त्याच्या नोंदी त्याच्याच फोनमध्ये पडून राहतात, आणि फोन फुटला की संपतात.

नोंद न छापली गेल्याने काय होते, ते नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावाला विचारावे. दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, शेती दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचा, भरघोस उताऱ्याचा वाण तयार झाला. १९९० च्या सुमारास तो तळोधीच्या बाजारात आला, तेव्हा व्यापाऱ्याने त्याला त्या काळी मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. ज्याने वाण शोधला त्याचे नाव पोत्यावर आले नाही, घड्याळाचे आले. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून पाच किलो बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. श्रेय मिळाले नाही, ही दादाजींची खंत शेवटपर्यंत होती. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांची दखल घेतली. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

या कहाणीत लोक विद्यापीठ आणि शेतकरी असे दोन पक्ष उभे करून भांडण लावतात. प्रकाशनाच्या अंगाने पाहिले तर कळीची गोष्ट वेगळीच आहे. १९८३ ते १९९० या सात वर्षांत दादाजींनी काय पाहिले, कोणत्या लोंब्या ठेवल्या, कोणत्या टाकल्या, याचे चार पानांचे, तारखेसह छापलेले टिपण कुठेही नव्हते. शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवू देणारा कायदा २००१ चा आहे. तो तेव्हा नव्हताच. पण तारीख घालून प्रसिद्ध केलेल्या टिपणाने निदान पहिला कोण, हा वाद उरला नसता. अशा चार पानांसाठी तेव्हा छापखाना गाठावा लागत होता. आज ती दहा मिनिटांत निघतात.

निघतात, पण मराठीत निघतात का? इथे एक शब्द जवळून पाहण्यासारखा आहे: पऱ्हे. रोवणीआधी तयार केलेल्या धानाच्या रोपांना या भागात पऱ्हे म्हणतात. मृग लागला की पऱ्हे टाकायचे, मग रोवणी. धानावरच्या कोणत्याही पुस्तकात हा शब्द पन्नासदा येणार. त्यातला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकला जातो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका तऱ्हेने लिहिलेला पऱ्हे शोधला की दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला सापडत नाही. ‘शेतकऱ्यांनी’चीही तीच गत, आणि शेतीवरच्या लेखनातून शेतकरीच गळाला तर उरले काय? त्याआधीचा घोळ आणखी मोठा. श्रीलिपी, कृतीदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचा मुखवटा मराठी, आत सांकेतिक खुणा इंग्रजीच्या. छपाई सुरेख व्हायची. पण तीच फाइल फॉन्ट नसलेल्या फोनवर उघडली की निरर्थक रोमन अक्षरांचा चिवडा समोर येतो. गेल्या तीन दशकांतल्या कितीतरी स्थानिक पुस्तिका, स्मरणिका, कृषी मेळाव्यांची माहितीपत्रके अशाच फाइलींत अडकलेली आहेत. त्या पुन्हा टंकून युनिकोडमध्ये आणणे हे काम कुणाला मिरवण्याजोगे वाटणार नाही, म्हणूनच ते पडून आहे.

आता पैशाचे बोलू. अॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके आणली, तेव्हा हौशी लेखकांना वाटले की प्रकाशकाचे उंबरठे झिजवणे संपले. कादंबरीकारांच्या बाबतीत ते काही अंशी खरे ठरले. झाडांवर लिहिणाऱ्याचे गणित मात्र छायाचित्रांवर अडते. या दुकानात लेखकाने ७० टक्क्यांच्या वाट्याची योजना घेतली तर फाइल पोहोचवण्याचा खर्च, भारतात दर एमबीला ७ रुपये, किमतीतून आधी वजा होतो. शंभर फोटोंचे पुस्तक २० एमबीचे झाले की १४० रुपये तिथेच गेले. किंमत २०० ठेवली तर उरलेल्या ६० रुपयांचे ७० टक्के, म्हणजे ४२ रुपये लेखकाला. ३५ टक्क्यांची योजना घेतली तर हा खर्च नाही आणि हातात ७० रुपये पडतात. नावाला दुप्पट वाटा, हातात कमी पैसा! करांचे हिशेब यात धरलेले नाहीत. तेही मजेदार आहेत: छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावरचा १८ टक्के कर जीएसटी परिषदेने जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला, पण ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्याच्यापुरताच. जो गरीब लेखक छापू शकत नाही म्हणून डिजिटलकडे वळतो, नेमका तोच सवलतीबाहेर राहिला.

फोटोंच्या या वजनावर एक जुना उपाय आहे: रेखाचित्र. पानाच्या शिरा, देठाचा कोन, फुलाची पाकळी पेनाने काढलेली असेल तर फाइल हलकी होते आणि ओळख अनेकदा फोटोपेक्षा नीट पटते. आश्रमशाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना हे काम द्यायला कुणाची हरकत नसावी.

खप हजार प्रतींचा असो की दोनशेंचा, वाचक मोजकाच आहे. पण तो कोण, हे ठाऊक असणे हीच मोठी पुंजी. नागपूर-पुण्यात राहायला गेलेली, सासरी तरोटा न मिळणारी इथली मुलगी. कृषी आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठही आहे. ताडोब्याच्या मोहर्ली, कोलारा दरवाजांवरचे मार्गदर्शक. (वाघ न दिसलेल्या पर्यटकाला परतीच्या वाटेवर झाडे फार दिसू लागतात, आणि तो नावे विचारतो.) कृषी विभागाने जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने सुरू केलेल्या रानभाजी महोत्सवांत येणारे शहरी गिऱ्हाईक. या माणसांना मोठे पुस्तक नको असते. त्यांना ‘जुलैत काय खुडावे’ अशी सोळा पाने हवी असतात, आणि तेवढ्यासाठी तीस-चाळीस रुपये कुणीही देतो. झाडीपट्टीचा माणूस आपल्या बोलीतले नाटक तिकीट काढून रात्रभर जागून पाहतो. तो वाचायला पैसे देत नाही, हे गृहीत धरायचे कारण काय?

आपला वाचक ओळखून स्वतःच प्रकाशन करण्याची पश्चिम महाराष्ट्रात दोन उदाहरणे आहेत. श्रीकांत इंगळहळीकर हे व्यवसायाने अभियंता. सह्याद्रीतल्या रानफुलांची खिशात मावणारी इंग्रजी पुस्तके त्यांनी स्वतःच्याच प्रकाशनातून काढली, आणि पहिल्या पुस्तकाला आता दोन दशके उलटून गेली तरी भटके ती शोधत असतात. त्याहून जुने उदाहरण प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चे. द्राक्ष बागायतदार एकमेकांना आपले प्रयोग कळवत, फसलेलेही. ती देवाणघेवाण हेच प्रकाशन होते. ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक नंतरचे. इंग्लंडात सॉमरसेटच्या चार्ल्स डाऊडिंगने न खणता भाजी पिकवण्याची पद्धत व्हिडिओंतून दाखवली आणि जगभर वाचक मिळवला, तेव्हा तोही हंगामागून हंगाम आपले प्रयोगच लोकांपुढे ठेवत होता. आधी प्रयोग, मग तो पाहणारी माणसे, मग पुस्तक, असा हा क्रम आहे. आपल्याकडे बहुतेक जण उलटे करतात.

माध्यम निवडताना भामरागडचा पावसाळा डोळ्यांपुढे ठेवावा. पर्लकोटा नदी फुगली की पुलावरून पाणी जाते आणि गावाचा संपर्क तुटतो. नेमके तेच दिवस वास्त्यांचे (बांबूच्या कोवळ्या कोंबांचे), सात्यांचे (वारुळावरच्या अळिंब्यांचे), तरोट्याचे. म्हणजे पुस्तकाची गरज लागते त्याच आठवड्यात नेटवर्क नसते. सतत इंटरनेट मागणारे चकचकीत अॅप इथे निरुपयोगी आहे. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाणारी, दोन-तीन एमबीची साधी पीडीएफ उपयोगाची आहे. तिची दोन पाने झेरॉक्स काढून अंगणवाडीच्या भिंतीवर डकवता आली तर आणखी चांगले.

लेखन तरी कशाला हवे, असेही इथे विचारता येते. गडचिरोलीत झाडांचे सर्वात जास्त ज्ञान ज्यांच्याकडे आहे त्यातले अनेक जण गोंडी आणि माडिया बोलतात, लिहीत नाहीत. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ ला आली, गुंजाला गोंडी २०१८ ला. प्रत्यक्षात बहुतेक गोंडी मजकूर देवनागरीतच उमटतो. शेजारच्या छत्तीसगडात ‘सीजीनेट स्वरा’ने २०१० पासून साध्या फोनवरून आवाज नोंदवून घेण्याची पद्धत चालवली, लोक बोलले आणि लोकांनी ऐकले. म्हातारीच्या आवाजातली तीन मिनिटांची ध्वनिफीत, सोबत मराठीत अर्धे पान, असे ‘पुस्तक’ या भागात सहज होऊ शकते. यंत्राने आवाजाचे अक्षर करण्याची सोय प्रमाण मराठीपुरती बरी चालते. झाडीबोली तिला अजून पुरती कळत नाही, गोंडीचा प्रश्न तर त्याहून दूर आहे. तोवर कानाने ऐकून हाताने लिहिणारा माणूस लागणारच.

यंत्राचा दुसरा उपद्रव अधिक गंभीर आहे. २०२३ मध्ये परदेशात ऑनलाइन दुकानांवर रानातल्या अळिंब्या ओळखण्याची अशी पुस्तके आढळली, जी माणसाने लिहिलेलीच नसावीत असे दिसत होते. न्यूयॉर्कच्या कवकशास्त्र मंडळाने लोकांना ती घेऊ नका असे बजावले. गुलाबाची छाटणी चुकली तर फूल येणार नाही, एवढेच. अळिंबी चुकली तर माणूस जातो. वारुळावर उगवणारी सात्या कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी कोणती, हे सांगणाऱ्या पुस्तकावर लेखकाचे नाव, गाव आणि तपासणाऱ्या वनस्पतितज्ज्ञाचे नाव नसेल तर ते पुस्तक विकत तर घेऊ नयेच, फुकटही घेऊ नये. अशा काळात लहान लेखकाची भरवशाची ओळख हाच त्याचा माल आहे. कंपनी मोठी असेल, पण धानोऱ्याच्या जंगलात सात्या वेचायला ती गेलेली नसते.

उरतो परवानगीचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, ती चुकवणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपयांचा भुर्दंड बजावला, आणि देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. घाईत भरलेल्या अनेक वह्यांत एका गावाची यादी दुसऱ्या गावाच्या नावाने उतरली. प्रा. माधव गाडगीळांनी या नोंदवह्यांची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात गावाने स्वतः बसून लिहिलेले पुस्तक होते, सरकारी रकाने नव्हते. खरे पाहता प्रत्येक गावाकडे वनस्पतींवरचे एक हस्तलिखित तयार आहे. काही चांगली आहेत, बरीच कपाटात आहेत.

ती उघडून चढवावीत का? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आधी अभ्यासगट बसतो. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात ही रीत सविस्तर आली आहे. औषधी झाडाची माहिती, त्याची जंगलातली नेमकी जागा, ती सांगणाऱ्या वैदूचे नाव, यातले काय जगासमोर ठेवायचे आणि काय गावातच ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा नाही, गावाचा आहे. बांबूच्या एका मोळीसाठी ग्रामसभेचा परवाना लागतो, मग त्याच जंगलाच्या ज्ञानाची फाइल बिनपरवाना कशी जाईल? ही परवानगी पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावी. वाचकाचा विश्वासही त्याने वाढेल.

शेवटी वाचकाला एक विनंती आहे. गेल्या पावसाळ्यात काढलेला एखाद्या भाजीचा फोटो फोनमध्ये असेलच. तो शोधावा, त्याखाली आईच्या तोंडचे नाव आधी आणि पुस्तकी नाव नंतर लिहावे, गाव आणि तारीख टाकावी, आणि ती भाजी ज्या बाईने दाखवली तिला विचारून तिचेही नाव लिहावे.